मीटरच्या लाल दिव्याची वही : सावईवेरे (गोवा), एप्रिल ते सप्टेंबर २०२५

६ एप्रिल, रविवार

आज सुरुवात केली. व्हरांड्यातल्या मीटरवर जो लाल दिवा टुकटुक करतो ना, तो उगाच लुकलुकत नाही, आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं छापलंय, म्हणजे दिवा ३२०० वेळा चमकला की १ युनिट झालं. दोन चमकांमधला वेळ सेकंदात मोजायचा नि ११२५ ला त्यानं भागायचं, की त्या क्षणाला घर किती वॅट खातंय ते कळतं. ५ सेकंदांनी चमकला तर २२५ वॅट. अर्ध्या सेकंदानं चमकला तर गीझर चालू आहे समजा.

इतकी साधी गोष्ट नि आपण वर्षानुवर्षं त्याच्यासमोरून चपला घालून जातो. महिन्याला कोणीतरी येतो, एक आकडा टिपून नेतो आणि आपल्या हातात येतं ते एक बिल. तीस दिवसांचं घर एका आकड्यात. किराण्याच्या दुकानात महिन्याची उधारी वहीत लिहून घेतो तेव्हा तांदूळ किती, तेल किती हे विचारतो की नाही? विजेचं मात्र कोणी विचारत नाही. मला ती वही पाहिजे, आमच्या घराची आणि जमलं तर वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, अजून दोन घरांची.

सामान : ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड), एक फोटोट्रान्झिस्टर (उजेड ओळखणारा सेन्सर), रेझिस्टर, जुना मोबाईल चार्जर, काळी टेप. ७०० रुपयांच्या आत झालं. सील, वायर, टर्मिनल कशालाच हात लावायचा नाही हा पहिला नियम, सेन्सर फक्त काचेवर बाहेरून चिकटवायचा.

८ एप्रिल

दोन अडचणी. एक, संध्याकाळचं ऊन थेट मीटरच्या पेटीवर येतं आणि सेन्सर आंधळा होतो, ५ ते साडेसहा एकही चमक मोजली गेली नाही. काळी टेप दोन थर लावली, वरून जाड पुठ्ठ्याची झडप केली. दुसरी अडचण वायफाय. चिऱ्याच्या भिंती दीड फुटी आहेत, राउटर माजघरात, व्हरांड्यापर्यंत सिग्नल येतो न येतो. म्हणून बोर्डावरच मिनिटामिनिटाचा हिशोब साठवून ठेवायचा आणि सिग्नल मिळाला की पाठवायचा असं केलं. लाईट गेली की बोर्ड पण बंद पडतो, घड्याळ विसरतो, त्यासाठी लहान बॅटरी लावावी लागणार.

१३ एप्रिल

आठवड्याचा ताळा. मीटरचं रीडिंग ८४१२.६ वरून ८४६७.९ म्हणजे ५५.३ युनिट. आम्ही मोजलेल्या चमका १,७६,९०२, भागिले ३२०० बरोबर ५५.२८. जुळलं! हा ताळा बघितल्याशिवाय पुढच्या कुठल्याच ग्राफवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलंय.

दिवसाला ७.९ युनिट, महिन्याला २३७ च्या आसपास. आपल्याकडं घरगुती दर १००, २००, ३००, ४०० अशा पायऱ्यांनी चढतो, म्हणजे आम्ही तिसऱ्या पायरीवर.

१९ एप्रिल, पहाटे

रात्री २ ते ४ सगळे झोपलेले असतात, तेव्हा घर काय खातं ते बघायचं होतं. दोन तासांची सरासरी काढली तर दर ३.६ सेकंदांना चमक, म्हणजे ३१२ वॅट. हे फार आहे. दोन जुने पंखे १५०, फ्रीज बंद-चालू धरून सरासरी ४५, राउटर ८, सेट टॉप बॉक्स १०. बेरीज २१३. मग उरलेले ९९ वॅट कोण खातंय? घरात सगळे गाढ झोपलेत नि शंभरेक वॅट कुठेतरी जळतायत हे कळल्यावर मला झोप लागेना.

इन्व्हर्टरवर संशय होता म्हणून त्याचा मेन स्विच बंद केला तर चमक एकदम १७ सेकंदांवर गेली, मला वाटलं सापडलं. पण नाही, पंखे इन्व्हर्टरवरच आहेत, मेन बंद केल्यावर ते बॅटरीवर फिरायला लागले, म्हणून मीटर शांत झाला. मग बायपासचं बटण टाकून पंखे सरळ लाईनवर घेतले आणि फक्त इन्व्हर्टर बंद केला, आता ५.१ सेकंद. म्हणजे २२० वॅट. फरक ९२ वॅटचा. एकटी बॅटरी चार्ज होण्याच्या नावाखाली हे खाते, दिवसरात्र.

सकाळी बॅटरीला हात लावून बघितलं, एका कोपऱ्यात गरम. पाच वर्षं झाली तिला. गेले काही महिने पाणी पण सारखं घालावं लागत होतं, बाबा म्हणायचे उन्हाळा आहे म्हणून. उन्हाळा नव्हे, एक सेल गेलाय, बॅटरी कधी भरतच नाही आणि चार्जर थांबत नाही.

२७ एप्रिल

शेजारच्या काकीकडं सेन्सर लावला. तिचा आग्रहच होता, दोन वर्षांपासून ती सांगतेय, मीटर धावतो रे बाबा, मी एकटी बाई, मला एवढं बिल कसं? ती मीटर बदलायचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडं आली होती. मी म्हटलं काकी, पंधरा दिवस थांब, आधी बघू. अर्ज करायला हरकत काहीच नव्हती, विजेच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ ला बदल झालाय, रीडिंग पटत नसेल नि तक्रार केली तर पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून द्यायचा आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची असं त्यात आहे. हे तिला सांगितलं, तिनं अर्जासकट ते कागदावर लिहून मागितलं, दिलं.

४ मे

आमची बॅटरी काल बदलली, जुनी देऊन नवी घेतली. भरल्यानंतर नवी १५ वॅटवर येऊन थांबते. रात्रीची चमक आता ४.८ सेकंद. ७७ वॅट वाचले म्हणजे महिन्याला ५५ युनिट.

आता हा हिशोब नीट बघा कारण तो मला स्वतःला आधी कळला नव्हता. २३७ मधून ५५ गेले की १८२ उरतात. या ५५ पैकी ३७ युनिट २०० च्या वरच्या पायरीचे होते. म्हणजे वाचतं ते नेहमी सगळ्यात महागडं युनिट. बिलाला युनिटांनी भागून सरासरी दर काढला तर फायदा कमी दिसतो, खरा फायदा वरच्या पायरीच्या दरानं मोजायचा.

काकीकडचे आकडे मात्र विचित्र आहेत. रात्री ४५ वॅट, आणि दर ५० मिनिटांनी ४ मिनिटं ५३५ वॅट. तिच्या घरात ५३५ वॅटचं काहीच नाही. फ्रीज एवढा खात नाही, पंप १ एचपीचा आहे तो जास्त खाणार. रात्रभर विचार केला.

५ मे

चूक माझी. काकीचा मीटर वेगळ्या बनावटीचा, त्यावर १६०० इम्पल्स छापलंय आणि मी प्रोग्राममध्ये ३२०० तसाच ठेवला होता. आठ दिवसांचे सगळे आकडे निम्मे. ताळा केला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, तिच्याकडं तो करायचा राहिला होता. तुम्ही कोणी हे करणार असाल तर आधी मीटरवर काय छापलंय ते वाचा, १६००, ३२००, ६४०० काहीही असू शकतं.

दुप्पट केल्यावर रात्रीचे ९० वॅट आणि दर ५० मिनिटांनी ४ मिनिटं १०७० वॅट. हा पंपच. विहिरीवरच्या पंपाला ऑटोमॅटिक कंट्रोलर आहे, टाकीतलं पाणी खाली गेलं की आपोआप चालू होतो. पण रात्री २ वाजून १० मिनिटांनी, ३ वाजता, ४ ला १० कमी असताना पाणी वापरतंय कोण?

काकीला विचारलं, म्हणाली मी झोपते तेव्हा सगळे नळ घट्ट बंद करते, तूच बघ. खरंच बंद होते.

११ मे

सापडलं. गोठा आता रिकामाच आहे, पण गोठ्यामागच्या जुन्या न्हाणीकडं जाणारी जमिनीखालची पाईप फुटलीय. आणि खूण तर डोळ्यासमोरच होती, सगळीकडं माती करपलेली असताना तिथलं अळू हिरवंगार, कमरेएवढं वाढलेलं. काकी त्याचीच भाजी करत होती. प्लंबरनं ती लाईन टाकीजवळ तोडून बूच मारलं.

रात्री ग्राफ बघितला, ११ ते ५ पंप एकदाही चालू नाही. पंपाचे दिवसाला १.९ युनिट, महिन्याला ५७, हे सगळं पाणी नि वीज जमिनीत जात होती. विजेच्या मीटरनं पाण्याची गळती दाखवली. काकीनं अर्ज फाडला, तिचं तिनंच, आणि मीटर बरोबर होता म्हणून दोन वर्षं ज्यांच्यावर चिडले त्यांना काय सांगू असं विचारत राहिली.

मला या दिवसाचं फार वाटलं. एकट्या बाईला दोन वर्षं संशय घेऊन राहावं लागलं, कारण तिच्याकडं बोट ठेवायला काहीच नव्हतं, फक्त एक आकडा नि एक तारीख.

१८ मे

वाचन. हे काम नवीन नाही. एमआयटीमधल्या जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच एका ठिकाणाहून घराचा एकूण भार मोजून त्यातल्या पायऱ्यांवरून फ्रीज कुठला, पंप कुठला हे वेगळं काढायची पद्धत उभी केली, १९९२ ला त्यांचा मोठा लेख आला. मी रात्री चमका मोजून केलं ते त्याचंच अगदी साधं रूप. पण चमकेतून फक्त एकूण वॅट मिळतात, ९ वॅटचा बल्ब की ८ वॅटचा राउटर हे त्यातून नाही कळत, आणि कळायची गरजही नाही, मोठे चोर कळले पुरे.

ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ ला अशा बऱ्याच प्रयोगांचा आढावा घेतला होता, लोकांना वापर थेट, लगेच दिसला तर बचत ५ ते १५ टक्के, आणि बिलातून उशिरा कळला तर ० ते १० टक्के. आमच्याकडं बचत जास्त दिसतेय पण ती बिघाड सापडल्यामुळं, सवयी बदलून नाही. हे दोन्ही वेगळं ठेवायला हवं नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल ७०० रुपयांत पाव बिल कमी होतं. बिघाड नसेल तर नाही होणार.

२५ मे

पाऊस यंदा मेमध्येच आला. लाईट आठवड्यात कितीदा गेली मोजलं, बोर्डाच्या लहान बॅटरीमुळं नोंद तुटली नाही. आता बिलांची तुलना करायची नाही, कारण पंखे कमी, पंप कमी. फक्त रात्री २ ते ४ चा तळ एकमेकांशी लावून बघायचा, ऋतू बदलला तरी बऱ्यापैकी तोच एक आकडा खरं बोलतो.

१५ जून

व्होल्टेजचं काम. चमक व्होल्टेज सांगत नाही, म्हणून आमच्याकडं, काकीकडं आणि वरच्या चुलतभावाकडं, म्हणजे दादाकडं, पीझेम मॉड्यूल (व्होल्टेज मोजणारा छोटा बोर्ड) प्लगला लावलं, मिनिटाला एक नोंद. हे मात्र २३० व्होल्टचं काम आहे, उघड्या बोर्डावर करू नका, मी वायरमनकडून पेटीत बसवून घेतलं.

पुण्याच्या प्रयास संस्थेनं देशभर वेगवेगळ्या ठिकाणी अशीच मिनिटामिनिटाची व्होल्टेज नोंद केली होती, कल्पना तिथूनच घेतली.

संध्याकाळी ७ ते १० आमच्याकडं नि काकीकडं १८१ पर्यंत खाली, आणि दोन्हीकडं त्याच मिनिटाला. दादाकडं त्याच वेळी २२०. एकाच खांबावरून आलेली तिन्ही घरं. पंप अशा वेळी चालू झाला तर तेच काम करायला मोटर जास्त करंट ओढते, गुंडाळी तापते, काकीचा पंप गेल्या वर्षी जळाला त्याचं कारण हेच असेल असं मला वाटतं पण सिद्ध करता येणार नाही.

२२ जून

लाईनमनना तिन्ही घरांचा ग्राफ प्रिंट काढून दाखवला. ते दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले तुम्ही दोघं एका फेजवर, तो दुसऱ्या, तुमच्या फेजवर वाड्यावरची घरं जास्त झालीत. आजवर लोक येऊन सांगायचे लाईट मंद आहे, मंद म्हणजे किती, कधी, कोणाकडं, हे कोणी सांगायचं नाही. पाऊस थांबला त्या दिवशी त्यांनी काही घरांच्या जोडण्या दुसऱ्या फेजवर घेतल्या. त्यानंतर संध्याकाळी २०५ च्या खाली गेलेलं नाही.

बिलातल्या बचतीपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. तक्रार करणारा नि दुरुस्त करणारा दोघं एकाच कागदाकडं बघत होते, भांडण झालंच नाही.

६ जुलै

आज एक अस्वस्थ करणारी गोष्ट घडली. दादा ग्राफ बघत होता, सहज म्हणाला, काकी रात्री दीड वाजेपर्यंत टीव्ही बघते वाटतं, आणि गुरुवारी सकाळी घरात कोणी नसतं. खरंच सगळं दिसतं त्यात. कधी उठली, न्हायला कधी गेली, देवळात कधी गेली. मी हे गळती शोधायला लावलं होतं आणि आता तिच्या घराच्या भिंती काचेच्या करून बसलो होतो.

नेदरलँड्समध्ये २००९ ला स्मार्ट मीटर सक्तीचे करायचा कायदा वरच्या सभागृहात अडला तो याच मुद्द्यावर, घरातलं खासगी जगणं त्यातून दिसतं म्हणून. आपल्याकडं २०१७ ला सुप्रीम कोर्टानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा झाला.

संध्याकाळी काकीला सगळं दाखवलं, तिच्याच घराचा ग्राफ तिला. तिच्या पुण्यातल्या मुलानं दोनदा फोन करून ग्राफची लिंक मागितली होती, आई उठली की नाही ते कळेल म्हणून, त्याचं प्रेम आहे, चुकीचं काही नाही. काकी बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, मी उठले की फोन करीन त्याला, लाईटनं सांगायला नको. ठरलं. तिचे आकडे आता तिच्याच घरातल्या मेमरी कार्डवर, बाहेर काही जात नाही. आमच्याकडं नि दादाकडंही तसंच केलं.

२७ जुलै

एक प्रयोग. स्मार्ट मीटर साधारण १५ किंवा ३० मिनिटांचे ब्लॉक साठवतो, माझ्याकडं मिनिटाचे आहेत. माझे आकडे मुद्दाम अर्ध्या तासाचे करून बघितले, की उद्या तसा मीटर आला तर एवढं तरी दिसेल का. बॅटरी बदलल्यावरचा खड्डा स्पष्ट दिसतो. काकीच्या पंपाची ४ मिनिटांची उडी मात्र पसरून जाते, दात दिसत नाहीत, पण रात्रीची सरासरी ९० ऐवजी १७० च्या आसपास येते, तेवढा संशय यायला पुरे. म्हणजे अर्ध्या तासाचे आकडे भरपूर कामाचे आहेत, अट एकच, ते घरमालकाला मिळाले पाहिजेत.

विजेच्या त्याच ग्राहक हक्क नियमांत २०२३ ला जो बदल झाला त्यात लिहिलंय की स्मार्ट मीटरचं रीडिंग दिवसातून किमान एकदा दुरून घ्यायचं आणि ग्राहकाला त्याच्या वापराची माहिती द्यायची. मला त्यात अजून एक पाहिजे, ॲपमध्ये रंगीत खांब दाखवून भागत नाही, पूर्ण फाईल उतरवून घेता आली पाहिजे. अमेरिकेत २०१२ पासून ग्रीन बटन नावानं हेच आहे, वीज कंपनीच्या साईटवरचं हिरवं बटण दाबा, आपले आकडे आपल्याकडं.

१० ऑगस्ट

त्याच नियमात वेळेनुसार दर आहेत. स्मार्ट मीटर बसला की उन्हाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, आणि गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के जास्त. शेती सोडून बाकीच्यांसाठी १ एप्रिल २०२५ ही शेवटची तारीख लिहिली होती. आमच्या तिन्ही घरांत अजून साधेच मीटर, म्हणून आत्ताच हिशोब करून ठेवला.

आमच्या रोजच्या ६ युनिटांतले हलवता येण्यासारखे दीड, पंप, वॉशिंग मशीन, इडलीचं वाटण. बाकी नाही हलत. आई पहाटे गरम पाणी घेते ते दुपारी कशी घेईल? काकीचं तर संध्याकाळी ७ ते १० हाच तिचा दिवस, टीव्ही, पंखा, दोन दिवे. तिच्या पंपाला टायमर लावून ११ वाजता टाकी भरून घेतली तर तिचं साधारण सारखं सुटतं, नाही लावला तर थोडं जास्त जाईल. दादाकडं एसी नि मोठी टाकी, त्याला सगळ्यात जास्त फायदा. एकच दर, तीन घरं, तीन उत्तरं. हे आधी कळायला आधीचे आकडे हवेत, नवा दर लागू झाल्यावर मागचं कुठून आणणार?

२८ ऑगस्ट

काल चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. घरात सतरा माणसं, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास), दोन गीझर, पंप, मिक्सर, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) काम, सगळं एकदम. सकाळी साडेसहा ते सात ६५६० चमका, म्हणजे अर्ध्या तासाची सरासरी ४.१ किलोवॅट. मीटरचं बटण दाबून एमडी (मीटरनं नोंदलेला सगळ्यात जास्त भार) बघितला, तिथंही ४.१. आमचा मंजूर भार ३ किलोवॅट.

वर्षभर अडीचच्या वर गेलेलो नाही, दीड दिवसाच्या गणपतीत एकदा. स्मार्ट मीटर आल्यावर हाच एमडी रोज नोंदला जाणार, त्यासाठी २०२३ च्या नियमात तरतूद आहे की एका आर्थिक वर्षात किमान तीनदा भार ओलांडला तरच मंजूर भार वाढवायचा, आणि मीटर बसायच्या आधीच्या काळासाठी दंड नाही. घरी सगळ्यांना सांगून ठेवलं. पुढच्या चवथीला दुसरा गीझर पंप बंद झाल्यावर लावायचा, आईनं मान्य केलंय.

१४ सप्टेंबर

रात्रीचा तळ, गेल्या दोन आठवड्यांची सरासरी : आम्ही १७२ (एक पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घेतला, ३० वॅटचा), काकी ८५, दादा २६०. दादाकडचे २६० अजून उलगडलेले नाहीत, जुना डीप फ्रीझर बहुतेक, पुढच्या रविवारी तो काढून बघायचा.

काकी आता रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की मीटरकडं जाते, आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते, बाजूला कालचा वजा करून युनिट. आज मी गेलो तर म्हणाली माझ्याकडचा सेन्सर काढ बाबा, मला आता वहीच पुरते, तो खालच्या मामीकडं लाव, तिचं बिल परवा बघितलं मी, तिच्याकडं पण रात्री काहीतरी चालतंय. काढला, मामीच्या मीटरवर ३२०० छापलंय, वाचून लावला, ताळा पुढच्या रविवारी.